अमेरिकेतल्या ‘हाउसिंग ऑथॉरिटी’ आणि कायद्याने दिलेली मोकळीक: नक्की काय मोकळं झालं?

तिरफळ

भाडेनियंत्रणाच्या धाग्यावर गाडी ‘सेक्शन ८’कडे वळली आणि मूळ विषय बाजूला पडला, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी मांडणी. अमेरिकेत गरिबांच्या घरांचा कारभार सुमारे ३,३०० स्थानिक संस्था बघतात. त्यांना पब्लिक हाउसिंग एजन्सी म्हणतात, बोलताना पीएचए; शीर्षकातली ‘हाउसिंग ऑथॉरिटी’ ती हीच. संस्था गावच्या किंवा काउंटीच्या, पण पैसा बहुतांशी वॉशिंग्टनचा आणि नियमही तिथलेच. मूळ कायदा १९३७ चा. त्यातल्या दोन कलमांवर सगळा डोलारा उभा आहे. कलम ९ म्हणजे संस्थेच्या मालकीची घरं, कलम ८ म्हणजे खासगी घरमालकाच्या घरासाठी दिलेलं भाडे-व्हाउचर.

‘स्थानिक संस्थांना मोकळीक द्या’ ही मागणी जुनी आहे. तिला कायद्याचं पहिलं मोठं रूप मिळालं एप्रिल १९९६ मध्ये. स्वतंत्र गृहनिर्माण कायदा झालाच नाही, खर्चाच्या एका गलेलठ्ठ कायद्यात कलम २०४ घुसवलं गेलं. त्याचं नाव ‘मूव्हिंग टू वर्क’, म्हणजे एमटीडब्ल्यू. नाव ऐकून रोजगार योजना वाटते, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात. कायद्याने उद्देश तीन सांगितले: खर्चाचं चीज व्हावं, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना स्वतःच्या पायावर उभं राहायला प्रोत्साहन मिळावं, आणि घर निवडायला वाव वाढावा. त्यासाठी निवडक संस्थांना १९३७ च्या कायद्यातली बरीच कलमं बाजूला ठेवायची परवानगी मिळाली. सुरुवातीला मर्यादा ३० संस्थांची होती, पुढे हळूहळू त्या ३९ झाल्या. मग २०१६ च्या अर्थसंकल्पी कायद्यातल्या कलम २३९ ने आणखी १०० संस्थांना दार उघडलं.

माझं म्हणणं एवढंच, की भाडं, तपासणी, मुदत यांवरच्या सवलतींबद्दलच लोक भांडतात. खरी सवलत एकच आहे: वेगवेगळ्या खात्यांतले पैसे एका गल्ल्यात टाकायची. बाकी सगळं तिच्या मागून येतं.

---

चौकस_चिमणी

धाग्याबद्दल धन्यवाद. पण बाजूला ठेवायला आधी काय होतं ते कळल्याशिवाय मोकळीक कशी कळणार? साध्या व्हाउचरचा हिशोब कुणी आकड्यांत मांडेल का? ‘उत्पन्नाच्या ३० टक्के’ हे सगळे म्हणतात, पण तो आकडा नेमका कुठून येतो ते कुणी सांगत नाही.

---

हिशोबनीस

मांडतो. आई आणि दोन मुलं, पगार वर्षाला २४,००० डॉलर.

मुलांमागे वजावट प्रत्येकी ४८० धरू (आता हा आकडा महागाईप्रमाणे हलतो, सोयीसाठी जुनाच घेतोय). दोघांचे ९६०. पाळणाघराचा खर्च २,४००. उरले २०,६४०, म्हणजे महिना १,७२०. त्याचे ३० टक्के ५१६. दुसरीकडे वजावट न करता महिन्याचं उत्पन्न २,०००, त्याचे १० टक्के २००. यातला मोठा आकडा धरायचा, म्हणून कुटुंबाचा वाटा ५१६.

आता घर. संस्थेने दोन बेडरूमसाठी ठरवलेलं ‘पेमेंट स्टँडर्ड’ १,५०० आहे असं धरा. हा आकडा हडने (गृहनिर्माण खात्याने) जाहीर केलेल्या त्या भागाच्या बाजारभाड्याच्या ९० ते ११० टक्क्यांत ठेवावा लागतो. घरमालक मागतो १,४८०, वीज-गॅस भाडेकरूकडे, त्याचा ठरलेला भत्ता १२०. एकूण भाडं १,६००. अनुदान मोजताना १,५०० आणि १,६०० यातला लहान आकडा घ्यायचा: १,५०० वजा ५१६, म्हणजे ९८४. संस्था घरमालकाला ९८४ देते. बाई घरमालकाला ४९६ आणि वीज-गॅसचे १२०, मिळून ६१६ देते.

अजून एक गाळणी आहे. नव्या घरात शिरताना, भाडं पेमेंट स्टँडर्डच्या वर असेल तर कुटुंबाचा एकूण बोजा समायोजित उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाता कामा नये. १,७२० चे ४० टक्के ६८८. इथे ६१६ आहे, चाललं. तेच एकूण भाडं १,७०० असतं तर बोजा ७१६ झाला असता आणि फाइल परत. बाई ‘मी भरते ना वरचे’ म्हणाली तरी नाही. खिडकीवर सगळ्यात जास्त वाद होतो तो या ४० टक्क्यांवरून, कारण व्हाउचर हातात, घर पसंत, घरमालक राजी, आणि २८ डॉलरसाठी सगळं अडतं.

---

निळा_कंदील

आणि या प्रत्येक आकड्यामागे एक कागद असतो. पगाराच्या चिठ्ठ्या, पाळणाघराची पावती, बँकेचा उतारा, सरकारी उत्पन्न-पडताळणी प्रणालीतली नोंद. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत की तिसऱ्याकडून लेखी खात्री. जुन्या चौकटीत हे दरवर्षी, प्रत्येक कुटुंबासाठी. शिवाय मधेच उत्पन्न हललं की मधली फेरपडताळणी वेगळी. कमी-जास्त तासांच्या नोकऱ्या करणाऱ्यांचं उत्पन्न दर दोन महिन्यांनी हलतं. चुका होतात त्या इथेच: वजावट राहून जाणं, वीज-गॅसचा भत्ता चुकीच्या घरप्रकाराचा लागणं, ‘पुढच्या बारा महिन्यांचं अपेक्षित उत्पन्न’ अंदाजाने लिहिणं.

३० टक्क्यांचा उगम विचारला होता, तर १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. १९८१ मध्ये ती ३० केली. म्हणजे मुळात ती भाडेकरूच्या बचावाची भिंत आहे. कारकुनी वाढली म्हणून ती पाडायची का, हा वेगळा प्रश्न.

---

उंबरठा

वेगळा कसला, तोच तर प्रश्न आहे! ‘मोकळीक’ हा गोड शब्द झाला. कुणाला मोकळीक? संस्थेला. भाडेकरूला नाही. कलम २०४ च्या जोरावर संस्था किमान भाडं वाढवू शकतात, कामाची अट घालू शकतात, पाच वर्षांनी बाहेर काढू शकतात. कॅलिफोर्नियात टुलारे काउंटीने १९९९ पासून ठरावीक रकमेचं अनुदान आणि पाच वर्षांची मुदत लावली. सॅन मॅटेओ काउंटीतही मुदत आहे, आणि ते तर देशातल्या सगळ्यात महाग भाड्यांपैकी एक ठिकाण. पाच वर्षांत पगार किती वाढतो आणि तिथलं भाडं किती, एवढंच बघा.

---

तिरफळ

उंबरठा, मुद्दा मान्य, पण सरसकट नको. कलम २०४ मध्ये पाच अटी आहेत आणि त्या एमटीडब्ल्यू संस्थेला चुकवता येत नाहीत. मदत मिळणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के कुटुंबं भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याखालची हवीत. भाड्याचं धोरण वाजवी हवं. घरं दर्जाच्या तपासणीत उतरायला हवीत. लहान-मोठ्या कुटुंबांचं प्रमाण आधीसारखं राहायला हवं. आणि मदत मिळणाऱ्या कुटुंबांची संख्या एमटीडब्ल्यू नसताना जितकी असती ‘जवळजवळ तितकीच’ राहायला हवी.

शेवटच्या अटीतला ‘जवळजवळ’ शब्द लक्षात ठेवा. त्याच्याशी तुलना करायचा आधार-आकडा कोणत्या वर्षाचा आणि कसा काढला, यावर ती अट लोखंडाची आहे की मेणाची ते ठरतं.

---

हिशोबनीस

बरोबर नस पकडलीत. आता गल्ल्याचं सांगतो.

साध्या संस्थेकडे मुख्य चार खिसे असतात: व्हाउचरच्या भाडे-अनुदानाचा, व्हाउचर चालवायच्या प्रशासन-फीचा, स्वतःच्या घरांच्या देखभालीचा, आणि मोठ्या दुरुस्त्यांचा भांडवली खिसा. व्हाउचरच्या अनुदानातून छप्पर बदलता येत नाही. छपराच्या पैशातून व्हाउचर देता येत नाही. देखभाल आणि भांडवली खिशांमध्ये थोडी वाट आहे: भांडवलीतून देखभालीकडे मूळ कायद्याने २० टक्के (वार्षिक खर्च-कायदे हा आकडा मागेपुढे करतात), आणि २०१६ च्या ‘होटमा’ या गृहनिर्माण-सुधारणा कायद्याने उलट दिशेलाही २० टक्के. स्वतःची २५० हून कमी घरं असलेल्या आणि कारभार बरा असलेल्या संस्थांना मात्र भांडवली पैसा देखभालीला पूर्ण वापरता येतो. ही मोकळीक १९९८ च्या सुधारणा-कायद्यापासून आहे. त्याचं कुणी नावच घेत नाही.

एमटीडब्ल्यूत हे मुख्य खिसे शिवून एक केले जातात. पैसा सार्वजनिक घरं, व्हाउचर, आणि मर्यादेत ‘स्थानिक, अपारंपरिक’ कामांवर खर्च करता येतो. म्हणजे बेघरांच्या निवाऱ्याला जोडलेली मदत, नव्या घरांच्या बांधकामात वाटा, असं काही. विस्तारातल्या १०० संस्थांना अशा कामांवर व्हाउचर-अनुदानाच्या १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो.

आता काय बिघडतं बघा. ५०० व्हाउचरची संस्था, दर कुटुंबामागे सरासरी ९०० डॉलर महिना. वर्षाला ५४ लाख. बाजारात भाडी वाढली, सरासरी ९६० झाली. अनुदान तेवढंच राहिलं तर त्याच ५४ लाखांत ४६८ कुटुंबं बसतात. ३२ गेली. कुणी काही चुकीचं केलेलं नाही, नुसतं भाडं वाढलं. अशा वेळी एमटीडब्ल्यू संस्था दुसऱ्या खिशातून हे भोक बुजवू शकते. पण तोच दरवाजा उलटाही उघडतो. छप्पर गळतंय म्हणून व्हाउचरचे तीन लाख तिकडे वळवले तर ९६० च्या दराने आणखी २६ कुटुंबं कमी. कागदावर दोन्ही निर्णय ‘मोकळीक’ याच शीर्षकाखाली येतात.

---

उंबरठा

हेच म्हणत होतो. शिकागोच्या संस्थेवर गेल्या दशकात हीच टीका झाली: गंगाजळी वाढत गेली आणि प्रतीक्षायादीही. साध्या संस्थेला तसं जमलंच नसतं, कारण तिथे पुढच्या वर्षीचं अनुदान या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झालं त्यावर ठरतं. व्हाउचर न देता पैसे साठवले तर पुढल्या वर्षी कात्री लागते. हा धाक एमटीडब्ल्यूच्या जुन्या करारांमध्ये सैल होता. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही २०१२ आणि २०१८ या दोन्ही अहवालांत देखरेख आणि माहितीसंकलन अपुरं असल्याचं मांडलं आहे.

---

हिशोबनीस

मान्य. म्हणून विस्तारातल्या संस्थांसाठी सूत्र बदललं. त्यांचंही नूतनीकरण गेल्या वर्षीच्या खर्चावरच होतं. फक्त एमटीडब्ल्यूखाली इतर पात्र कामांवर घातलेले व्हाउचरचे पैसेही एका मर्यादेपर्यंत त्या खर्चात धरले जातात. नुसते साठवलेले धरत नाहीत. खर्च करा, दाखवा, मग पुढचे घ्या. हा बदल लहान दिसतो, पण माझ्या मते सबंध विस्तारातला सगळ्यात शहाणा बदल हाच.

अजून एक खाचखळगा: खास कामासाठी आलेली व्हाउचर या गल्ल्यात पडत नाहीत. माजी सैनिकांची, अपंगांसाठीची ‘मेनस्ट्रीम’, मुलं परत मिळवू पाहणाऱ्या कुटुंबांची, या सगळ्यांचा हिशोब वेगळाच ठेवायचा. नव्याने एमटीडब्ल्यूत आलेल्या संस्था पहिल्या वर्षी हमखास इथे अडखळतात.

---

चौकस_चिमणी

१०० संस्था कशा निवडल्या? मोठ्या शहरांनीच पटकावल्या असतील.

---

निळा_कंदील

उलट. कलम २३९ मध्येच कोटा लिहिला आहे. किमान ५० संस्था अशा, की ज्यांची घरं आणि व्हाउचर मिळून हजाराच्या आत आहेत. किमान ४७ अशा, की ज्यांच्याकडे १,००१ ते ६,००० आहेत. ६,००१ ते २७,००० वाल्या जास्तीत जास्त तीन. त्याच्या वर कुणीच नाही. आणि कामगिरी ‘उत्तम’ श्रेणीची हवी. म्हणजे ज्यांचा कारभार आधीच बरा आहे त्यांनाच सैल सोडायचं. यावर ‘ज्यांना गरज आहे त्यांना नाही’ अशी टीका होते, पण ज्यांना साधे नियम झेपत नाहीत त्यांना स्वतःचे नियम बनवायला देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खोल पाण्यात सोडणं आहे.

निवड गटागटाने झाली आणि प्रत्येक गटाला अभ्यासाचा एक विषय. पहिल्या गटात लहान संस्था, प्रश्न असा की मुळात या मोकळिकीने काही फरक पडतो का. दुसऱ्यात भाड्याची पद्धत बदलणं. एका गटात घरमालकांना आमिष, एकात भाडेकरूंची बचत आणि पत वाढवणं. कामाच्या अटीचाही गट ठरला होता, तो २०२१ मध्ये रद्द केला.

मोकळिकीची यादी ऑगस्ट २०२० च्या ‘ऑपरेशन्स नोटिस’मध्ये आहे आणि प्रत्येक सवलतीला कुंपण. चौकटीतलं असेल तर वेगळी मंजुरी लागत नाही. बाहेरचं हवं असेल तर कारणांसह स्वतंत्र अर्ज. उदाहरणार्थ:

फेरपडताळणी दर तीन वर्षांनी चालेल, पण उत्पन्न घटल्यावर कुटुंबाने मागितली तर वर्षातून किमान एकदा मधली पडताळणी करावीच लागेल.

घर रिकामं राहिलं तर घरमालकाला एका महिन्यापर्यंतचं भाडं. भाडेकरूने नासधूस केली तर अनामत वजा जाता दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, किंवा प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च, यातलं कमी ते. करारावर सही करण्याचा बोनस, एका महिन्यापर्यंत.

भाडेकरू मिळायच्या आधीच घराची तपासणी उरकून ठेवता येते, मात्र ती राहायला येण्याच्या ९० दिवसांच्या आतली हवी.

ही शेवटची सवलत दिसायला क्षुल्लक. पण घरमालक व्हाउचर का नाकारतात? अर्ज, मग तपासणीची तारीख, मग खिडकीची कडी तुटकी म्हणून नापास, मग फेरतपासणी. तेवढ्या काळात दुसरा भाडेकरू रोख घेऊन येतो. घर आधीच पास असेल तर हा सगळा काळ वाचतो. घरमालकाला बोनसपेक्षा हे जास्त भावतं.

---

पागोळी

भाड्याच्या पद्धतींबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. ‘मोकळीक दिली की लोक जास्त कमावतील’ हा दावा तपासला गेलाय का?

---

तिरफळ

तपासलाय, आणि नीट चिठ्ठ्या टाकून. २०१५ पासून लेक्सिंग्टन, लुइव्हिल, सॅन अँटोनियो आणि वॉशिंग्टन डीसी या चार ठिकाणी व्हाउचरधारकांचे दोन गट केले. एकाला जुनी पद्धत. दुसऱ्याला नवी: वजावटी रद्द, एकूण उत्पन्नाच्या २८ टक्के भाडं, अपेक्षित उत्पन्नाऐवजी मागच्या बारा महिन्यांचं प्रत्यक्ष उत्पन्न, पडताळणी तीन वर्षांनी एकदा, आणि ५० ते १५० डॉलर किमान भाडं. शिवाय अडचणीत आलेल्यांसाठी सवलतीची तरतूद.

तर्क असा, की तीन वर्षं भाडं गोठलं तर वाढलेला पगार पूर्ण खिशात राहील. जुन्या पद्धतीत महिन्याला ३०० डॉलर जास्त कमावले तर भाडं ९० ने चढतं.

निकाल? चारही ठिकाणं एकत्र धरली तर कमाईवर ठळक परिणाम दिसला नाही. हिशोबनीसांच्या उदाहरणातल्या बाईला ही पद्धत लावा: २,००० चे २८ टक्के ५६०. आधीचे ५१६. म्हणजे ‘सोपी’ पद्धत तिला महिन्याला ४४ डॉलरनी महाग पडली, कारण पाळणाघराची वजावट गेली. ज्यांना वजावटी नव्हत्या त्यांना स्वस्त पडली. सोपेपणाचा खर्च कुणीतरी उचलतोच. तो कोण उचलतो हे टक्केवारी ठरवते.

म्हणूनच मला किंग काउंटीची (सिएटलभोवतालची) पद्धत जास्त पटते. त्यांनी सगळ्यांना एका मापात कोंबलं नाही. ठरावीक निवृत्तिवेतनावरच्या वृद्ध-अपंगांसाठी वेगळी पद्धत, तीन वर्षांनी पडताळणी. कमावत्यांसाठी उत्पन्नाचे पट्टे, आणि भाडं पट्ट्याच्या खालच्या टोकावर. पट्टा ओलांडेपर्यंत पगारवाढीने भाडं हलत नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या कीनने टप्प्याटप्प्याने घटत जाणारं अनुदान ठेवलं, ते मात्र कडक आहे.

---

उंबरठा

पण मग एमटीडब्ल्यू हवंच कशाला? तीन वर्षांची पडताळणी, दोन वर्षांची तपासणी हे सगळ्यांनाच द्या की.

---

निळा_कंदील

बरंचसं दिलंय, फक्त तुकड्यातुकड्यात, त्यामुळे लक्षात येत नाही. ५५० किंवा त्याहून कमी घरं-व्हाउचर असलेल्या संस्थांना वार्षिक योजनेच्या कागदांतून २००८ मध्येच सूट मिळाली (जनसुनावणी मात्र घ्यावीच लागते). तपासणी वर्षाऐवजी दोन वर्षांनी, ही मुभा २०१४ च्या खर्च-कायद्याने. ज्यांचं उत्पन्न ९० टक्के किंवा जास्त ठरावीक स्वरूपाचं आहे त्यांची पूर्ण पडताळणी तीन वर्षांनी, ही २०१५ च्या चक्क वाहतूक कायद्यात. २०१८ च्या बँकिंगसंबंधी कायद्याने ग्रामीण लहान संस्थांना तीन वर्षांनी तपासणीची मुभा. गृहनिर्माणाची कलमं रस्ते आणि बँकांच्या कायद्यांत शोधावी लागतात, असला हा प्रकार.

त्यातला सरळ मार्गाने आलेला कायदा म्हणजे होटमा. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रतिनिधीगृहात ४२७ विरुद्ध ०, आणि २९ जुलैला सही. त्यात मधली पडताळणी उत्पन्न १० टक्के किंवा जास्त हललं तरच, आणि पगारवाढ मधल्या पडताळणीत साधारणपणे धरायचीच नाही. अपवाद एक: त्याच कालावधीत त्या कुटुंबाने आधी उत्पन्न घटल्याचं सांगून भाडं कमी करून घेतलं असेल तर. वृद्ध-अपंग कुटुंबांची वजावट ४०० वरून ५२५. पण वैद्यकीय खर्चाची पायरी उत्पन्नाच्या ३ वरून १० टक्के. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. औषधांवर खूप खर्च असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं भाडं यात वाढतं.

आणि कायदा २०१६ चा असला तरी अंतिम नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, आणि उत्पन्नाच्या भागाची अंमलबजावणी त्यानंतरही पुढे ढकलली गेली, कारण नवे नियम घेणारी संगणकप्रणाली तयार नव्हती. कायद्याने मोकळीक दिली तरी फॉर्ममध्ये रकाना नसेल तर ती वापरता येत नाही.

---

चौकस_चिमणी

हे वाचून म्हाडा आठवणं साहजिक आहे. आपल्याकडेही असं काही…

---

तिरफळ

तुलना फार ताणू नका. म्हाडा मुख्यतः घरं बांधून सोडतीने विकते, इथल्या संस्था घर भाड्याने देतात आणि दर महिन्याला अनुदान भरतात. प्रश्नच वेगळे. वेगळा धागा काढा, येतोच.

---

पागोळी

न्यूयॉर्कचं उदाहरण मात्र याच धाग्यात बसतं. तिथली संस्था देशात सगळ्यात मोठी, पावणेदोन लाखांच्या आसपास घरं, म्हणजे २७,००० च्या मर्यादेने विस्तारातून बाद. तिथे राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये कायदा करून ‘पब्लिक हाउसिंग प्रिझर्व्हेशन ट्रस्ट’ ही सार्वजनिक संस्था काढली, २५,००० घरांपर्यंत. जमीन-इमारती हाउसिंग ऑथॉरिटीच्याच राहतात, ट्रस्टला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. घरं कलम ९ मधून कलम ८ च्या अनुदानावर गेली की दर घरामागे जास्त आणि जास्त भरवशाचा पैसा येतो, त्याच्या जोरावर रोखे काढून दुरुस्ती. शिवाय कंत्राटाची मुभा: आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराला देता येतं.

यात भाडेकरूंचं मत घ्यावं लागतं. ट्रस्ट, खासगी व्यवस्थापकाकडे जाणारी दुसरी योजना, किंवा आहे तसं कलम ९, असे पर्याय, आणि किमान २० टक्के कुटुंबप्रमुखांनी मत दिलं तरच निकाल ग्राह्य. पहिलं मतदान ब्रुकलिनच्या नॉस्ट्रँड हाउसेसमध्ये २०२३ च्या शेवटी झालं, कौल ट्रस्टला मिळाला. एमटीडब्ल्यूत जनसुनावणी असते, मतदान नसतं.

---

उंबरठा

हा फरक मोठा आहे. सुनावणीत म्हणणं नोंदवून घेतात आणि पुढे जातात.

---

निळा_कंदील

तरी सुनावणी फुकट नाही, वापरायची कशी ते कळलं तर. विस्तारातल्या संस्थेला दरवर्षी ‘एमटीडब्ल्यू सप्लिमेंट’ भरावं लागतं. ज्याच्या भागात अशी संस्था आहे त्याने ते मागवून या जागा बघाव्यात.

प्रत्येक सवलतीपुढे ती कुणाला लागू ते लिहिलेलं असतं: सगळ्यांना, फक्त नव्यांना, की वृद्ध-अपंग वगळून. ‘सगळ्यांना’ दिसलं की थांबून वाचा. मग ‘हार्डशिप पॉलिसी’, म्हणजे भाडं झेपत नसेल तर सूट कशी मागायची. गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले हे आकडे त्यात असतात. अर्ज शून्य असतील तर ‘कुणाला त्रास नाही’ असा अर्थ लावू नका. बहुतेक वेळा सूट मागता येते हेच कुणाला सांगितलेलं नसतं. भाडं किंवा मुदत बदलणाऱ्या सवलतींसोबत परिणामांचं विश्लेषण जोडावं लागतं. त्यात सरासरीच असेल आणि सर्वात जास्त वाढ कुणाची ते नसेल तर नेमकं तेच लेखी विचारा.

तोंडी बोलून उपयोग कमी. लेखी हरकत सप्लिमेंटला जोडून हडकडे पाठवावी लागते, संस्थेने तिचं काय केलं तेही सांगावं लागतं. सुनावणी आणि मंडळाची मंजुरी यांत पुरेसा वेळ हवा. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशीच ठराव झाला असेल तर तो मुद्दाही लेखी टाका.

---

हिशोबनीस

त्यात एक भर. जास्तीत जास्त वेळ कुटुंबांच्या संख्येच्या तक्त्यावर घालवा. व्हाउचरची महिन्यागणिक संख्या बारा रकान्यांत बघा, वर्षाची सरासरी नको. डिसेंबरला घाईघाईने भाडेकरार करून सरासरी सावरता येते. जानेवारी ते ऑगस्ट संख्या घसरत असेल आणि त्याच काळात ‘इतर पात्र खर्च’ चढत असेल, तर पैसा कुठून कुठे गेला ते तिथेच दिसेल.

---

चौकस_चिमणी

हा तक्ता सप्लिमेंटमध्येच असतो का?

---

हिशोबनीस

वर्षाचा हिशोब तिथे, महिन्याचा नाही. महिन्याची संख्या संस्था हडला दरमहा कळवतेच. संस्थेकडे माहितीचा लेखी अर्ज करा आणि ‘दरमहा कळवलेली व्हाउचरसंख्या आणि भाडे-अनुदानाचा खर्च, मागचे २४ महिने’ एवढंच मागा. जास्त मागितलंत तर उत्तराला वेळ लागतो.